कोलोनला साडेतीन तास हातात आहेत. डोम बघायला बाहेर पडू का?

कातरवेळ
मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण सवयीप्रमाणे पाल्हाळ लावतेच. पुढच्या महिन्यात आम्ही चौघं (मी, नवरा, अकरा वर्षांचे चिरंजीव आणि माझी आई, वय ७२, उजवा गुडघा कुरकुरतो) उट्रेख्टहून फ्रँकफर्टला रेल्वेनं जाणार आहोत. मध्ये कोलोनला गाडी बदलताना साडेतीन तास मिळतायत. तिथलं प्रसिद्ध गॉथिक कॅथीड्रल, ज्याला तिकडे 'डोम' म्हणतात, स्टेशनाला अगदी लागून आहे म्हणे.

अडचण अशी की तोवर आमची चार चर्चं पाहून झालेली असणार. आईनं आत्ताच जाहीर केलंय, "आत गेलं की सगळी सारखीच गं, मी आपली फलाटावर बसते." तिला फलाटावर बसवून आपण हिंडायचं हे काही मला पटत नाही. तर एवढ्या वेळात नीट बघून होतं का? सामानाचं काय करतात? मनोऱ्यावर चढणं आईला जमणार नाही, पण पोराला चढायचंच आहे. आणि फोटोत ते एवढं काळंकुट्ट का दिसतं? धूत नाहीत का?

राईनकाठी
अकरा वर्षं या गावात राहतोय, तेव्हा माझं मत एकतर्फी धरा. उतराच.

स्टेशनाच्या मुख्य दारातून बाहेर आलात की समोर भिंतच उभी. मान वर करत जा, करत जा, टोक काही येत नाही. १५७ मीटर. १८८० मध्ये पूर्ण झाला तेव्हा जगातली सगळ्यांत उंच इमारत होता. चारेक वर्षं मिरवून घेतलं, मग वॉशिंग्टनच्या स्मारकानं मान खाली घालायला लावली.

सामानासाठी स्टेशनात यंत्र आहे. बॅग आत ढकलायची, पैसे टाकायचे, शटर पडतं आणि बॅग जमिनीखाली कुठेतरी निघून जाते. चिठ्ठी मिळते ती जिवापाड जपा. आमच्या एका पाहुण्यांनी ती जुन्या तिकिटांबरोबर टाकून दिली होती. पुढचं विचारू नका.

मनोऱ्याला ५३३ पायऱ्या. लिफ्ट नाही. अरुंद गोल जिना, आणि चढणारे-उतरणारे त्यातूनच एकमेकांना पोटं आत घेऊन वाट देणार. आईंना नकोच, चिरंजीवांना बापाबरोबर धाडा. प्रार्थना चालू असली की पर्यटकांना आत फिरू देत नाहीत, त्यामुळे वेळा बघून जा. रविवारची सकाळ टाळाच.

काळ्या रंगाचं उत्तर 'स्थपती' देतील. मी हाक मारून ठेवतो.

अक्कलकाढा
काळा का म्हणून काय विचारता? नावच डोम. डोमकावळा ऐकला नाहीत का कधी?

पोटोबा
उतरा. आजूबाजूला ब्राउहाउसं, म्हणजे बियरच्या खाणावळी आहेत. क्योल्श नावाची बियर चिंचोळ्या ग्लासात येते, जेमतेम २०० मिली. ग्लास रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा आणून ठेवतो आणि तुमच्या चकतीवर पेन्सिलीनं एक रेघ मारतो. नको असेल तर तीच पुठ्ठ्याची चकती ग्लासावर ठेवायची. पंगतीत ताटावर हात आडवा धरतो तसं. नाही धरला तर वाढपी ऐकत नाही, तेही तसंच.

जुनाजाणता
ताईंनी कॅथीड्रल विचारलंय, गुत्ता नाही.

पोटोबा
साडेतीन तासांत दोन्ही होतं, काका.

स्थपती
हाक पोचली.

दगड मुळात काळा नव्हता. मध्ययुगीन भागात जवळच्या ड्राखेनफेल्स डोंगराचा ट्रॅकाइट हा ज्वालामुखीचा दगड आहे. तो राईनमधून होडीनं आणता यायचा. एकोणिसाव्या शतकात वरचं बांधकाम झालं त्यात बरेचसे वालुकाश्म. नंतर कोळशाचा धूर, कारखाने आणि दारातच वाफेची इंजिनं. धुरातलं गंधक पावसाच्या पाण्यात मिसळून दगडाला खातं आणि वर काळी खपली धरते. ती खरवडली तर खालचा कमकुवत झालेला दगडही सुटून येतो. म्हणून सरसकट धुवायच्या भानगडीत पडत नाहीत. खराब झालेले तुकडे काढून नवे बसवतात. डोमची स्वतःची कार्यशाळा आहे, पाथरवट, लोहार, काचकाम करणारे असे सगळे कायमच्या नोकरीवर. कुठे ना कुठे परांची लटकलेली दिसणारच. तिथे म्हणतात की ज्या दिवशी डोमचं काम संपेल त्या दिवशी जग संपेल.

आता 'सगळी सारखीच' याबद्दल. आईंना आत गेल्यावर एकच सांगा, भिंत शोध म्हणावं. सापडत नाही. जुन्या चर्चमध्ये जाड भिंत छताचं ओझं पेलायची, त्यामुळे खिडक्या बारक्या आणि आत अंधार. गॉथिकवाल्यांनी कमान टोकदार केली, छताला दगडी फासळ्या दिल्या आणि सगळा भार ठरावीक खांबांवर आणला. खांब बाहेर ढकलले जाऊ नयेत म्हणून बाहेरच्या बाजूनं हवेत कमानी टाकून धिरे दिले. मातीच्या भिंतीला आपण बाहेरून वासा टेकवतो ना, त्याच कुळातली युक्ती. मग भिंतीला कामच उरलं नाही, आणि तिच्या जागी काच आली. आत छत ४३ मीटरवर आहे. आपलं हेमाडपंती देऊळ खांब आणि तुळईवर उभं असतं, तिथे दगडाला लांब उडी मारता येत नाही. म्हणून गाभारा आटोपशीर आणि अंधारा. तो अंधार हवासाही असतो म्हणा.

धिरे बघायला बाहेरून मागच्या बाजूला जा. बहुतेक लोक समोरून फोटो काढून परततात.

कातरवेळ
'भिंत शोध' हे भारी आहे. चिरंजीवांनाही हाच गृहपाठ देते.

जुनाजाणता
स्थपतीराव, सगळं मान्य. पण लोक तिथे 'मध्ययुगीन चमत्कार' बघायला जातात, त्यातलं मध्ययुगीन किती? पायाभरणी १२४८. मागचा भाग १३२२ मध्ये पवित्र करून वापरात आला. पुढे काम रेंगाळलं आणि सोळाव्या शतकात थांबलंच. दक्षिणेचा मनोरा अर्धवट, त्याच्या डोक्यावर लाकडी यारी, म्हणजे क्रेन. ती यारी तशीच शतकानुशतकं उभी, १८६८ मध्ये काढली. जे दोन मनोरे बघून लोक आ वासतात ते १८८० चे. आपला राजाबाई टॉवर १८७८ चा. म्हणजे कोलोनचे मनोरे राजाबाईपेक्षा दोन वर्षांनी धाकटे! धाकट्याला बघायला एवढं तिकीट काढून कशाला जायचं?

डोंबिवलीकर_स्लो
काकांना अनुमोदन. मी बावीस वर्षं व्हीटीला उतरलो. टोकदार कमानी, फासळ्यांचं छत, रंगीत काचा, सगळं आहे, वर जेजेच्या विद्यार्थ्यांनी कोरलेली पानं-फुलं-प्राणी. १८७८ ते १८८८ चं काम. या सगळ्याखालून मान खाली घालून ६.५२ ची स्लो पकडायची. गॉथिकचं दर्शन पासात समाविष्ट.

स्थपती
जुनाजाणता, मुद्दा बरोबर, निष्कर्ष चूक. :)

मनोरे एकोणिसाव्या शतकात चढवले, पण ते नव्यानं कल्पिलेले नाहीत. पश्चिमेच्या दर्शनी बाजूचा सुमारे १२८० चा आराखडा आहे, चर्मपत्रावरचा, जवळजवळ चार मीटर उंच. फ्रेंच सैन्य आलं त्या धामधुमीत तो गायब झाला. १८१४ मध्ये त्याचा अर्धा भाग दार्मश्टाटमध्ये सापडला. गोष्ट अशी सांगतात की एका खाणावळीच्या माळ्यावर त्यावर शेंगा वाळत घातल्या होत्या. उरलेला अर्धा दोन वर्षांनी पॅरिसमध्ये मिळाला. दोन्ही जोडले आणि १८४२ मध्ये प्रशियाच्या राजाच्या हस्ते काम पुन्हा सुरू. तेव्हा हात एकोणिसाव्या शतकाचे, पण रेघ तेराव्या शतकाची. अर्धवट राहिलेली पैठणी आजीच्या नक्षीवरून नातीनं पुरी केली तर ती नकली म्हणाल का?

फसवणूक म्हणायचीच तर वर छपराखाली बघा. तिथला सांगाडा लाकडी नाही, लोखंडी आहे, १८६० च्या दशकातला. आयफेल टॉवरच्या आधीचा.

जुनाजाणता
पैठणीचं उदाहरण देऊन बायकांची मतं खिशात घातलीत. मी नक्कल म्हणत नाही हो. 'साडेसातशे वर्षं जुनी इमारत' असं जे ठोकून देतात त्याची चीड आहे.

शेवंता
बायकांची मतं एवढी स्वस्त नाहीत हं, काका.

मला ते १२४८ डोक्यात राहिलं. 'शके बाराशे बारोत्तरे' म्हणजे १२९०. तिकडे पहिली पिढी पाया आणि खांब रचून मोकळी होत होती, तेव्हा नेवाशात एका खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली जात होती. त्यांची इमारत ६३२ वर्षांनी पुरी झाली, आपली एकाच माणसानं पुरी केली. कोण मोठं वगैरे अजिबात म्हणत नाहीये, काळ एकाशेजारी एक ठेवून बघायला मजा येते इतकंच.

अक्कलकाढा
६३२ वर्षं! आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाबद्दल आता मनात आशा आहे.

गोंयचो_पाव
वाचनमात्र होतो, पण कॅथीड्रल म्हटल्यावर राहवेना. आधी एक खुलासा. आमच्याकडे येणारे पाहुणे जुन्या गोव्यातल्या सगळ्या चर्चना 'गॉथिक' म्हणतात. से कॅथीड्रल गॉथिक नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातलं पोर्तुगीज काम आहे, गोल कमानी, जाड भिंती. दोन मनोरे होते, त्यातला एक १७७६ मध्ये कोसळला, तो परत बांधलाच नाही. आम्ही कोलोनवाल्यांसारखे चिकट नव्हं.

खरा दुवा वेगळाच आहे. कोलोनच्या मुख्य वेदीमागे सोन्यानं मढवलेला मोठा पेटारा आहे. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले तीन राजे, त्यांच्या अस्थी त्यात आहेत अशी श्रद्धा. ११६४ मध्ये त्या मिलानहून आणल्या. एवढे यात्रेकरू यायला लागले की जुनं चर्च पुरेना, म्हणून हे नवं काढलं. शहराच्या चिन्हावर तीन मुकुट आहेत ते यांचेच. आणि आमचा मांडवीकाठचा रेइस मागोस? तेही नाव याच तीन राजांचं. ६ जानेवारीला तिथे, चांदरला, कासावलीला पोरं मुकुट घालून राजे होतात. मी कोलोनला गेलो तेव्हा त्या पेटाऱ्यासमोर उभं राहून पहिला विचार आला तो घरच्या फेस्ताचा.

राईनकाठी
गोंयचो_पाव, ६ जानेवारीचा आणखी एक किस्सा घ्या. दक्षिण मनोऱ्यात २४ टनांची घंटा आहे, १९२३ ची. गावठी नाव 'डिकर पिटर', म्हणजे आपला जाडा पीटर. मोठ्या सणांनाच वाजते. २०११ मध्ये नेमकी तीन राजांच्या दिवशी वाजत असताना तिचा लोलक निखळून खाली पडला, सुमारे ८०० किलोचा. सुदैवानं कुणाला इजा नाही. ती वाजते तेव्हा आवाज कानांआधी छातीत कळतो.

मिलिटरी_मामा
युद्धात सगळं कोलोन जमीनदोस्त झालं आणि डोम तेवढा उभा राहिला, कारण वैमानिकांना खूण म्हणून हवा होता. मुद्दाम वाचवला.

राईनकाठी
मामा, इथेही बरेच जण हेच सांगतात. पण चौदा बॉम्ब थेट लागलेत त्याला. मुद्दाम वाचवायची ही कुठली पद्धत? धिरे आणि खांबांचा सांगाडा मोकळा असल्यानं स्फोटाचा दाब बाहेर निघून गेला, छपराचा सांगाडा लोखंडी म्हणून पेट घेतला नाही, आणि आग विझवणारी माणसं वर पहाऱ्याला असत. १९४३ मध्ये उत्तर मनोऱ्याच्या एका कोपऱ्याला मोठं भगदाड पडलं, ते घाईघाईनं विटांनी बुजवलं. लोक त्याला 'प्लोम्ब' म्हणायचे, दातात भरतात तो मसाला. विटांचा ठिगळ साठ वर्षं दिसत होता. २००५ पर्यंत त्याला दगडाचं अस्तर लावलं. माझ्या घरमालकीणबाईंना हे आवडलेलं नाही. त्या म्हणतात, खूण राहू द्यायला हवी होती.

शेवंता
घरमालकीणबाईंशी सहमत.

जुनाजाणता
मीही. आज दुसऱ्यांदा कुणाशीतरी सहमत होतोय, तब्येत तपासून घेतो.

रंगारी
रिश्टरची खिडकी कुणीच काढली नाही? दक्षिण बाजूला, २००७ मध्ये बसवलेली. युद्धात मूळ काच गेली, मग साधी काच होती. गेर्हार्ड रिश्टर या चित्रकाराला काम दिलं आणि त्यानं संतबिंत काहीच काढलं नाही. ९.६ सेंटिमीटरचे चौकोन, ७२ रंग, एकूण ११ हजारांहून जास्त तुकडे, आणि रंगांची जागा बऱ्याच अंशी संगणकानं सोडत काढावी तशी ठरवलेली. तिथले कार्डिनल, म्हणजे मोठे धर्मगुरू, भडकले. ही मशिदीत शोभली असती, असं त्यांचं म्हणणं पडलं आणि उद्घाटनाला आले नाहीत. मला विचाराल तर अख्ख्या डोममध्ये तीच बघण्यासारखी. ऊन असेल तर दुपारी जा.

अक्कलकाढा
संगणकानं रंग ठरवले आणि मानधन चित्रकाराला?

रंगारी
मानधन घेतलंच नाही त्यानं. आता बोला.

माजघर
विषयांतर होतंय, पण कोलोन म्हटलं की मला डोम आठवत नाही, ताप आठवतो. कपाळावर कोलन वॉटरच्या घड्या! आईच्या कपाटात ती बाटली साड्यांच्या मागे असायची. ते याच गावचं ना?

राईनकाठी
याच गावचं. फारिना नावाच्या इटालियन घराण्यानं १७०९ मध्ये इथे दुकान टाकलं, ते अजून आहे. आणि कोलन वॉटरच्या बाटलीवर ४७११ असतं ना, ते मूळचं घरनंबर, फ्रेंच अमलात घरांना आकडे टाकले त्यातलं. इथल्या लोकांना सांगितलं की आम्ही हे ताप उतरवायला वापरायचो, तर गंमत वाटते त्यांना.

पोटोबा
धाग्यावर ताप, घंटा, शेंगा, पैठणी सगळं आलं. ताई गेल्या का शेवटी?

कातरवेळ
गेलो, आलो, कालच पुण्यात पोचलो. सगळ्यांचे आभार, वृत्तांत देते.

अर्धा तास त्या बॅग गिळणाऱ्या यंत्रानं खाल्ला, कारण सुटे पैसे तळाच्या बॅगेत होते. बाहेर आलो आणि आई थांबलीच. काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे पडत नाही का गं?" चौकात एक दगडासारखं फूल उभं आहे, साडेनऊ मीटर उंच. मनोऱ्याच्या टोकावर जे बोटाएवढं दिसतं त्याचीच ही बरोब्बर त्याच मापाची प्रतिकृती. पोरानं त्याच्या बुंध्याशी उभं राहून वर बघितलं, मग टोकाकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्या दिवशी फोन मागितला नाही.

दारात गंमत झाली. आईनं भिंतीला हात टेकला आणि बूट काढायला लागली. सवयच ना. तिथे लाल झग्यातला एक उंच माणूस देखरेखीला असतो. त्यानं हातानं 'राहू दे, राहू दे' केलं आणि लगेच नवऱ्याच्या टोपीकडे बोट दाखवलं. ती मात्र काढायला लावली. आईला हे अजून पटलेलं नाही. बूट चालतात आणि टोपी चालत नाही?

बापलेक मनोऱ्यावर गेले. पोराच्या हिशेबानं पायऱ्या ५२९ आहेत, चार कुणीतरी वाढवून सांगतं. घंटा बघितली, वाजली नाही, जाडा पीटर रुसून बसला होता.

आम्ही दोघी आत बाकावर. रंगारी, तुमचं ऐकून दुपार गाठली होती. ढग होते, खिडकी नुसतीच रंगीत. दहाएक मिनिटांनी ऊन आलं आणि फरशीवर चौकोन सांडले. एक हिरवा आणि एक जांभळा आईच्या पांढऱ्या शालीवर येऊन बसला. ती शाल हलवून बघत होती, उडतो का म्हणून. मी कार्डिनलची गोष्ट सांगितली. ती म्हणे, "त्यात रागवायचं काय? आपली गोधडी नाही का अशीच? ज्याचा जो तुकडा मिळाला तो शिवला."

जुनाजाणता काका, तुमचंही सगळं सांगितलं, यारीसकट. तर म्हणाली, "म्हणजे मधल्या लोकांनी जन्मभर अर्धंच बघितलं. त्यांना तेच पुरं वाटत असेल." मग उठून तीन राजांच्या पेटाऱ्याला लांबून नमस्कार केला. भिंत काही सापडली नाही, हे स्थपतींना सांगायला सांगितलंय.

फोटो मागू नका, आतले सगळे हललेत.

जुनाजाणता
आईंना माझा नमस्कार कळवा. वाद मागे घेतो. राजाबाईचा मुद्दा सोडून.

माजघर
आणि कोलन वॉटर?

कातरवेळ
घेतलं! ४७११ ची सगळ्यांत छोटी बाटली. घरी आल्याबरोबर कपाटात साड्यांच्या मागे गेली आहे.

पोटोबा
क्योल्श?

कातरवेळ
नवऱ्यानं दोन ठरवल्या होत्या. चकती ठेवायला विसरला, चार झाल्या.

राईनकाठी
आणि बॅगेची चिठ्ठी?

कातरवेळ
आईच्या बटव्यात होती, तुळशीच्या माळेबरोबर.